चार बोटांच्या आत

त्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की ते कुठल्यातरी अंमलदाराच्या वहीत उतरतं, आणि मेलेल्या माणसाच्या घराची झडती घ्यायलाही या राज्यात कुणाला लाज वाटत नाही. गाव बोरीपासून दोन कोसांवर, डोंगराच्या अंगाला, एवढं पुरे. गावात त्यांना गुंजबाबा म्हणत. सोनार वजनाला वापरतात तशा तांबड्या-काळ्या मूठभर गुंजा त्यांच्या कनवटीला कायम असत, आणि तंबाखूपासून शिशापर्यंत हातात येईल ते तोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो पत्रकं लपवायला. वेठीविरुद्ध लिहितो म्हणून शाळेतून माझं नाव निघालं होतं आणि मी मामाच्या गावी येऊन पडलो होतो. मामाच्या बांधाला लागून गुंजबाबांचं खोपट होतं. तिथं दारूगोळा असायचा, तोही एका बड्या साहेबाचा. त्यामुळे तोंडात बिडी धरून फिरणारा शिपाई त्या बाजूला फिरकत नसे. मी गाठोडं घेऊन दारात उभा राहिलो.

"बाबा, हे ठेवायचंय."

"वजन किती?"

"कागद आहेत नुसते."

"कागदाला वजन नसतं व्हय?" त्यांनी गाठोडं काट्याला लावलं. "सव्वा शेर. नेताना तेवढंच न्यायचं. मागून कमी भरलं म्हनून भांडायला यायचं न्हाई."

कागदांवर काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाचता येत नव्हतं. मला राग आला. ज्या कागदासाठी माणसं तुरुंगात जातात तो या म्हाताऱ्यानं कांद्यासारखा तोलला.

त्यांचं काम ऐकून लोकांना हसू यायचं. आमच्या डोंगरात रानडुकरं फार. परभणीहून हा बडा साहेब दर हिवाळ्यात शिकारीला यायचा. हुद्दा सांगत नाही. शिकारीच्या आठ दिवस आधी त्याचा चपराशी बंदूक, रिकामी पितळी काडतुसं आणि दारूचा डबा घेऊन यायचा, आणि काडतुसं भरायची गुंजबाबांनी. बंदूक दुनळी. उजव्या नळीत छर्र्याचं काडतूस, म्हणजे वाटाण्याएवढे टपोरे दाणे, जवळून निघालेल्या जनावराला. डाव्या नळीत गोळीचं, म्हणजे शिशाची एकच जाड गोळी, लांबच्या जनावराला. हे कुणीही भरेल. पण कुणीही भरलेली ही दोन काडतुसं एका जागी लागत नाहीत. हात तोच, बंदूक तीच, नेम तोच. छर्रा एकीकडे जातो आणि गोळी वीतभर दुसरीकडे. गुंजबाबांचं सगळं म्हातारपण या एका वितीत अडकलं होतं.

त्यांची रीत अशी. बाभळीला शेणानं सारवलेलं गोणपाट बांधायचं, मधोमध चुन्याचं बोट लावायचं, चाळीस पावलं मोजून मागं यायचं आणि दगडावर बंदूक टेकवून छर्र्याचे तीन बार काढायचे. मग गोणपाटाशी जाऊन प्रत्येक भोकात बाभळीचा काटा खोचायचा आणि सगळ्या काट्यांच्या मध्यावर बोट ठेवायचं. तेही डोळे मिटून. का मिटता, असं मी विचारलं.

"डोळे लबाड असत्यात, भाच्या. तेन्ला पाहिजे तिथंच मध्य दिसतो."

मामाच्या गावात मी सगळ्यांचाच भाचा होतो.

मग गोळीचे तीन बार, त्यांचा मध्य. दोन मध्यांच्या मधे चार बोटं मावली तर बरं. पाचवं बोट मावलं की सगळं पहिल्यापासून. कधी दारू गुंजभर कमी, कधी वरचा कागदाचा बोळा जाड, कधी गोळीच कानशीनं घासून हलकी. शिसं ते पूर्णा जंक्शनवरून आणायचे. तिथं त्यांचा कुणी भाचेजावई रेल्वेत होता, तो मालगाडीच्या डब्यांची तुटकी शिशाची सीलं साठवून ठेवायचा. प्रत्येक सील बाबा दातानं चावून बघायचे. कुठलं मऊ, कुठलं कडक. चपराशी बाजेवर लोळत हे सगळं बघायचा आणि कंटाळायचा.

"अरे बुढ्ढे," तो एकदा म्हणाला, "सूअर क्या फीता लेके आताय तेरे कने?"

"सूअर न्हाई येत," बाबा काटे खोचत म्हणाले. "कपाळ पुसलेली बाई येती मोजायला."

चपराशी हसला. मीही हसलो. तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

गाव मात्र हसत नसे. त्या आठ दिवसांत माळावरून येणारा प्रत्येक बार गाव कान देऊन ऐकायचं. पाचव्या दिवशी बार थांबले तर बाया मोकळ्या मनानं पाण्याला जायच्या. सातव्या दिवशीही बार ऐकू आले की विहिरीवरचं बोलणं बंद व्हायचं. अजून जुळलं नाही. आणि हाका तर परवावर आला.

हाका म्हणजे काय ते शहरातल्या वाचकासाठी सांगतो. कोतवाल दवंडी देतो: घरटी एक माणूस. मजुरी नाही, भाकर आपली आपण न्यायची, नाही म्हणायची सोय नाही. चाळीसेक माणसं डोंगराच्या पल्याडून ओळ धरतात आणि डबे, डफ वाजवत, ओरडत खाली उतरतात. डुकरं पुढं पळतात. खाली ओढ्याच्या तोंडाशी साहेब बसलेला असतो. म्हणजे डुकराच्या एका बाजूला बंदूक आणि दुसऱ्या बाजूला आमची माणसं. साहेबाचा नेम खालून चुकला तर मातीत जातो. वरून चुकला तर पुढं कुणाचातरी बाप, कुणाचातरी नवरा असतो. यालाच या राज्यात करमणूक म्हणतात.

गुंजबाबांचं एक वाक्य गावात म्हणीसारखं चालायचं: "चुकायचं असंल तर खाली चुका. माती मरत न्हाई." पोरींना भाकरी थापायला शिकवतानाही बाया ते म्हणायच्या, त्याचा तिथं काही संबंध नसला तरी.

बाकी माणूस विक्षिप्तच. भाकरी मोडली की दोन्ही तुकडे हातांत धरून बघायचे आणि जड असेल त्यातला कोर कुत्र्याला टाकायचे. कुत्रं त्यामुळे त्यांच्या जेवणावर डोळा ठेवून असायचं. वहाणा काढल्या की दोन्हींची टोकं एका रेषेत. मामाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा माणूस अक्षता टाकून त्या कुठं पडल्या हे वाकून बघत होता. पुढच्या अष्टकाला मूठ बदलली. त्या निम्म्या भटजींच्या डोक्यावर गेल्या. भटजी चिडले, तर हे म्हणाले, "तुमी चार बोटं डावीकडं सरका." शिकारीचं मांस त्यांनी कधी खाल्लं नाही. वाटा घरी आला तर शेजारी द्यायचे. आणि हाक्याच्या दिवशी, वय साठीच्या पुढं असताना, वेठीतून सूट असताना, ते स्वतः ओळीत जायचे. कुणी नको म्हटलं तर ऐकायचे नाहीत. "भरलं म्या, आन् समोर दुसऱ्यानं जायचं व्हय?"

मी त्यांचा तिरस्कार करत होतो हे कबूल करतो. माझ्या चौथ्या पत्रकात मी एक ओळ लिहिली होती: जुलमाच्या बंदुकीत दारू ठासणारे घरभेदे आपल्यातच बसले आहेत. ती कुणावर आहे हे गावात कुणालाही कळलं असतं. महिन्याभरानं मी गाठोडं न्यायला गेलो. काट्यावर ते कमी भरलं.

"सात कागद म्या घेतले," बाबा म्हणाले. "बोळ्याला. तुपला कागद लय चांगला बसतो. शाई जरा कमी लावत जा, तेवढ्यानं जड व्हतो."

माळावर गोणपाटाच्या अलीकडं जळक्या कागदाचे तुकडे पडले होते. एकावर 'वेठ' एवढंच वाचता येत होतं. साहेबाच्याच बंदुकीतून माझं पत्रक उडत होतं, आणि मला हसावं की रडावं कळेना.

"काय लिव्हलंय तरी ह्याच्यात?" त्यांनी विचारलं. "वाच बरं."

मी वाचून दाखवलं. ती एक ओळ गाळली. ते मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बराबर लिव्हलंय. पन लय लांबलंय. दारू जास्त झाली की गोळी भरकटती."

माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही काडतुसं भरलीच नाहीत तर? साहेब काय हातानं डुकरं मारणार आहे?"

"तेच्याकडं दुसरी असत्यात. बाजारची. डबाभर."

"मग मारू द्या की त्यांनी!"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी लहान मूल आहे आणि विस्तवाला हात घालतो आहे. "तू आक्काला भेटलाय का?" एवढंच त्यांनी विचारलं.

आक्का गावात सगळ्यांना माहीत होती. रोजानं निंदायला जाणारी, तिशीची, कमी बोलणारी विधवा. तिची गोष्ट मला मामानं सांगितली, मोटेचा नाडा वळता वळता.

"तव्हा तू लहान व्हतास. साहेब दुसरा व्हता. आक्काचं लगीन होऊन दोन वर्सं झाल्ती. तिचा नवरा ओळीत व्हता. साहेबानं नेम धरला, त्येला वाटलं छर्रा हाय, आन् नळीत व्हती गोळी. नेम छर्र्याचा आन् गोळी जाती वर, डुकराच्या पाठीवरून गेली ती गेली. छर्रा असता तर एवढ्या लांब आला नसता, आन् आला असता तर नुसता ओरखडला असता."

"मग? गुन्हा दाखल झाला असेल ना?"

मामा नाडा वळत राहिला. "पंचनामा झाला की. डुकरानं फाडला म्हनून. पाच पंचांचे अंगठे. त्यातला एक गुंजबाबांचा. काडतूस भरणारा तोच व्हता, भेला. आमीबी भेलोच व्हतो, काय तेला एकट्याला बोल लावावा. चौथ्या दिशी आक्का त्येच्या खोपटावर गेली आन् इचारली, डुकरानं फाडला तर भोक गोल कसं?"

"बाबा काय म्हणाले?"

"काय म्हननार? पुढच्या हिवाळ्यापासून हे गोणपाट सुरू झालं."

गोणपाटाचं उरलेलं मी स्वतः पाहिलं. जुळलं असं वाटलं की बाबा ते सोडवायचे, खांद्यावर टाकायचे आणि आक्काच्या दारी न्यायचे. ती हात धुऊन यायची, भोकांच्या मध्यावर करंगळी ठेवायची आणि चार बोटं टेकवायची. ती चार बोटं म्हणजे तिची, बाबांची नव्हे. पुरुषाची बोटं जाड, त्यात लबाडी मावते, असं त्यांचं म्हणणं. ती 'व्हय' म्हणाली तरच काडतुसं पिशवीत भरायची. 'न्हाई' म्हणाली की म्हातारा परत बाभळीकडं. दोघं एकमेकांशी दुसरं काही बोलत नसत. अशी अकरा वर्षं गेली होती.

हे सगळं कळूनही मी जे केलं ते केलं. त्याला मूर्खपणा म्हणा. मी त्याला तेव्हा चळवळ म्हणत होतो.

त्या वर्षी साहेब पाहुणे घेऊन येणार होता आणि एकाच दिवशी तीन हाके निघणार होते, ऐन ज्वारी राखणीच्या दिवसांत. मी घरोघर हिंडलो. हाक्याला जाऊ नका, सगळ्यांनी मिळून नाही म्हणा, चाळीस माणसांना कोण कोंडेल? माणसं ऐकून घ्यायची. एक जण म्हणाला, "भाचे, तुमी बोलता ते पटायलंय. पन डुकरं मपलीच ज्वारी खायलीत की." दुसरा म्हणाला, "तुमाला मामाकडून पळून जाता येतं. आमी कुठल्या मामाकडं जावं?" कुणीही नाही म्हणायला तयार झालं नाही.

हाक्याच्या सकाळी बाबा ओढ्यावर अंघोळीला गेले होते. चपराशी बंदूक घेऊन साहेबाच्या तंबूकडं गेला होता. भरलेल्या काडतुसांची पिशवी खोपटात खुंटीला टांगलेली होती. आदल्या दिवशीच आक्कानं व्हय म्हटलं होतं. मी पिशवी काढली आणि मामाच्या विहिरीत टाकली. काडतुसं नाहीत म्हणजे शिकार नाही. बाजारच्या डब्याचं बाबांनी सांगितलं होतं, पण मला ती म्हाताऱ्याची सबब वाटली होती.

चावडीपुढं सगळे जमले. साहेब घोड्यावर, पाहुणे दोन. पाटलांनी पिशवी मागितली. बाबा खोपटात जाऊन आले आणि म्हणाले, "काडतुसाला ओल लागली, साहेब. म्या फेकली. दोन दिस द्या, परत भरतो." खुंटी रिकामी बघून ते मधल्या वाटेवर एवढंच जुळवू शकले असणार.

साहेबानं म्हाताऱ्याला एक शिवी दिली, तीही हसत, आणि खोगिराच्या थैलीतून एक कोरा डबा काढला. बाजारची काडतुसं. छर्रा एका कारखान्याचा, गोळी दुसऱ्याची.

"साहेब, सहा बार काढून बघू द्या. नुसते सहा. गोणपाट तयार हाय."

"शाम तक नापता बैठेगा," साहेब पाहुण्यांना म्हणाला. पाहुणे हसले.

मी आक्काकडं बघितलं. ती बायांच्या मागं उभी होती आणि तिनं पदर दातांत धरला होता. मामा ओळीत जायला निघाला होता, डोक्याला मुंडासं गुंडाळत. मी त्याच्या हातातला वाजवायचा डबा घेतला आणि म्हणालो, तुझ्याऐवजी मी जातो. तो म्हणाला, आज काय सूर्य पश्चिमेला उगवला?  मी डबा काखेत मारून निघालो.

चढाला मी बाबांना गाठलं.

"बाबा, पिशवी मी टाकली. विहिरीत."

ते चालत राहिले. "कोनच्या?"

"मामाच्या."

"पानी किती हाय तिला?"

"दोन पुरुष."

"मंग काढता येतील. पितळ सडत न्हाई." दहा-पंधरा पावलांनी त्यांनी विचारलं, "कामून टाकली?"

"शिकार थांबावी म्हणून."

"थांबली का?"



वर गेल्यावर त्यांनी ओळ लावली. दर वेळी पाटील लावायचे, त्या दिवशी बाबांनी लावली आणि पाटलांनी लावू दिली. निम्मी माणसं डोंगराच्या उजव्या सोंडेवर चढवली, निम्मी डाव्या. मधे, साहेबाच्या थेट समोर, रान मोकळं. तिथं दोनच माणसं. ते आणि मी.

"मपल्या डाव्या हाताला चाल. तीन पावलं. जास्त न्हाई."

"बाबा, इथं तर..."

"गोळी कुठं पडती ते बघाय दोघं लागतात. एकट्याला दिसत न्हाई. आन् एकटा मेला तर सांगनार कोन?"

ते हे रागानं म्हणाले नाहीत. सहा बार काढायला मिळाले नव्हते, म्हणून ते आता आम्हां दोघांवर काढून घेत होते, इतका साधा हिशेब होता.

डफ सुरू झाले. दोन्ही सोंडांवरून आरडाओरडा उतरू लागला. आम्ही मधून चाललो, ओरडत. माझा आवाज मलाच चोरल्यासारखा येत होता. प्रत्येक झाडापाशी मी थांबायचो आणि बाबा म्हणायचे, "थांबू नगं. थांबलं की ओळ मोडती." खाली ओढ्याची रेघ दिसली. पळसाच्या बेचक्यातून डुकरांचा एक कळप खडबडत गेला. आता ती उघड्यावर येणार. आता. मला लघवीला लागली. हेही लिहून ठेवतो, कारण पत्रकात आम्ही छातीचा कोट करण्याच्या गोष्टी फार लिहितो.

पहिला बार. आमच्या पुढं, पंचवीस पावलांवर पाचोळा तडतडला. छर्रा. तो तिथंच संपला.

"खाली गेला," बाबा म्हणाले.

दुसरा बार आणि कानाशी काहीतरी फाटलं. माझ्या आणि त्यांच्या मधे एक धावडा होता, त्याच्या सालीचे तुकडे माझ्या डोक्यावर पडले. मी कधी आडवा झालो ते आठवत नाही. वर बघितलं तर बाबा झाडापाशी उभे. भोकात बोट घातलेलं. दुसऱ्या हातानं काठी खोडाला लावून जमिनीपासून मोजत होते.

"ऊठ. डुक्कर कोनच्या दगडापाशी व्हतं, बघितलं का?"

"नाही."

"म्या बघितलं. त्येच्या पाठीच्या वर दोन हात गेली आन् साहेबाच्या डावीकडं हातभर. दोन हात वर, एक हात डावीकडं. म्हन."

मी म्हटलं. दोनदा म्हणायला लावलं. मग त्यांनी डोक्याचं पागोटं काठीला बांधलं, ती उंच धरली आणि ओरडत साहेबाच्या दिशेनं उघड्या रानातून चालू लागले. मला मागं यायला सांगितलं, "म्या पडलो तर तू सांग," म्हणून.

साहेब चिडलेला होता. पाहुण्यांसमोर दोन्ही बार फुकट गेले होते. आम्हाला बघून त्यानं तोंड उघडलं, पण बाबांनी आधी बोलून घेतलं. "साहेब, नेम तुमचा लई नामी व्हता. ह्या डब्यातली गोळीच खोटी हाय. दोन हात वर जाती, हातभर डावीकडं. डुकराच्या पायाच्या खाली माती धरा, उजव्या अंगाला. मंग बघा."

साहेबाचा चेहरा बदलला. पाहुण्यांकडं वळून तो म्हणाला, "देखा? कारतूस का कुसूर." चुकलेल्या माणसाला काडतुसाचा दोष दाखवला की तो लगेच ऐकतो. न चुकलेला मात्र कुणाचं ऐकत नाही. बाबांना हे अकरा वर्षांपूर्वीच कळलं असणार. पुढच्या दोन्ही हाक्यांत साहेबानं मातीला नेम धरला. त्या दिवशी तीन डुकरं पडली आणि एकही गोळी ओळीपर्यंत आली नाही. उतरताना बाबा वाटेच्या कडेला उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावला. शेवटच्यालाही लावला. मग ते खाली बसले. मी पाणी दिलं. पिण्याआधी त्यांनी तांब्या हातात तोलून बघितला.

दुसऱ्या दिवशी माणूस विहिरीत उतरवून पिशवी काढली. काढणारा अर्थातच मी. काय झालं ते बाबांनी कुणालाही सांगितलं नाही. आक्काला मीच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि निंदणीचं खुरपं उचलून शेतात गेली.

त्यानंतर मी त्यांच्या खोपटावर रोज जाऊ लागलो. चौथ्या पत्रकातली ती गाळलेली ओळ एक दिवस वाचून दाखवली. त्यांनी कानशीला फुंकर मारली. "बराबर हाय की. दारू म्याच ठासतो." मग म्हणाले, "भाच्या, तू वेठ बंद कर. खरंच कर, लवकर कर. पन ती बंद व्हईस्तोवर हे कुनीतरी भरलं पाहिजे ना? मपले हात कापायलेत. बस इथं."

मी बसलो. गुंजा ओळखायला शिकलो, शिसं चावायला शिकलो. डोळे मिटून मध्य शोधायला मला अजून जमत नाही.

बाबा या श्रावणात तापानं गेले. साहेब तोच आहे. माझी अकरा पत्रकं झाली आणि वेठ जिथल्या तिथं आहे. काडतुसं कोण भरतं याच्याशी साहेबाला देणंघेणं नाही, पिशवी पाटलांच्या हातून जाते. आठ दिवस झाले, मी बाभळीपुढं आहे. चपराशी म्हणतो, बुढ्ढा बरा होता, तो निदान बोलत तरी होता. विहिरीवरचं बोलणं परवापासून बंद झालं आहे.

आज सकाळी दारूचा डबा खरवडून शेवटचे बार काढले. गोणपाट खांद्यावर टाकून आक्काकडं गेलो. तिनं हात धुतले, पदराला पुसले, छर्र्याच्या मध्यावर करंगळी ठेवली आणि चार बोटं टेकवली. गोळीचा मध्य बोटांच्या पलीकडं राहिला. तिनं दुसऱ्या हाताची दोन बोटं शेजारी लावली. तेव्हा तो झाकला.

"वर का खाली?" तिनं विचारलं.

"वर."

ती 'व्हय' म्हणाली नाही. गोणपाटाची घडी घालून माझ्या हातात दिली.

हाका उद्या आहे. परत भरायला दारू उरलेली नाही. गोळीची काडतुसं द्यायचीच नाहीत, तर साहेब पुन्हा बाजारचा डबा उघडतो. पाटील म्हणाले, खाली नेम धरायला मी सांगेन साहेबाला. पण पहिला बार फुकट जाईपर्यंत तो कुणाचं ऐकत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. मी पिशवी त्यांच्या स्वाधीन केली आणि सांगितलं, साहेबाच्या समोर ओळीत मधोमध मी उभा राहीन, माझ्या दोन्ही अंगांना वीस-वीस पावलं कुणी नको.

"वीस पुरं का, भाचे?" पाटलांनी विचारलं.

मी म्हणालो, "तीस करा."